दहा पावले

आमच्या कचेरीत ‘खोगीरभरती’ हा शब्द दिवसातून चारदा तरी उच्चारला जातो. एखाद्या लेखात मुद्दा एक आणि परिच्छेद सात असले, की मी कडेच्या समासात ‘खो. भ.’ अशी दोन अक्षरे काढते. लेखक रागावतात, पाने जुळवणारा सहकारी गालांत हसतो. नऊ वर्षे हा शब्द मी असा सढळ हाताने वापरीत आले. पण खोगीर प्रत्यक्षात कसे असते, त्यात काय भरतात, आणि भरले नाही तर काय बिघडते, याची मला मुळीच कल्पना नव्हती. आणि ती नसल्याची खंतही नव्हती. भाषांतर करणाऱ्याला आठवडाभरात इतक्या गोष्टींविषयी लिहावे लागते, की त्या सर्व डोळ्यांनी पाहायच्या म्हटल्या तर एक जन्म पुरायचा नाही.

माझी मैत्रीण त्याच मजल्यावर हिंदी आवृत्तीत काम करते. तिचे घराणे चार पिढ्यांपूर्वी ग्वाल्हेरला जाऊन स्थायिक झाले. तिचे मराठी ऐकले, की आजीच्या पेटीतले लुगडे उलगडल्यासारखे वाटते. घड्यांच्या जागी थोडे विरलेले, पण काठ अस्सल जरीचा. महाविद्यालयात असताना ती राष्ट्रीय छात्रसेनेच्या अश्वपथकात होती. त्याला पंधरा-सोळा वर्षे लोटली, तरी जिना चढताना तिची पाठ अजून ताठ असते. गेल्या जानेवारीत, दुपारच्या चहाच्या वेळी ती माझ्या मेजाशी आली.

“शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं शेखावाटीत जायचं. शनिवार-रविवार घोड्यावर, सोमवारी सकाळी कचेरीत हजर.”

“मला घोड्यावर बसता येत नाही गं.”

“कुणालाच येत नाही. बसल्यावर येतं.”

मी होकार दिला तो काही धैर्याने नव्हे. घोड्याची आपल्याला भीती वाटते हे सदतिसाव्या वर्षी चारचौघांत कबूल करण्यापेक्षा घोड्यावरून पडलेले बरे, असा त्यामागे हिशेब होता.

ही भीती मला वारशाने आलेली नव्हती. उलट, वारसाच मी नाकारला होता. माझे आजोबा मिरजेत टांगा हाकीत. मिरज हे दवाखान्यांचे गाव. आगगाडीतून उतरणारा आजारी माणूस आणि त्याच्या उशा-वळकट्या हे त्यांचे मुख्य उतारू. पहाटे चारला उठून ते घोडीला खरारा करीत, भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी तोबऱ्यात घालून तो तिच्या तोंडाला बांधीत, आणि ती खात असताना तिच्याशी असे बोलत, की आतल्या खोलीत निजलेल्या मला वाटे, कोणी पाहुणे आले आहेत. साज चढवताना एक गोष्ट ते कधीही चुकवीत नसत. पोटाखालचा तंग आवळला, की घोडीला अंगणात दहा पावले चालवायचे आणि मग तोच तंग पुन्हा एकदा आवळायचा. “लबाड पोट फुगवून उभी राहते,” ते मला सांगत. “चालायला लागली की श्वास सोडते, अन् तंग ढिला पडतो. दहा पावलं चालव, मग आवळ.”

१९९६ च्या पावसाळ्यात ओल्या डांबरी रस्त्यावर घोडीचा पाय घसरला आणि टांगा कलंडला. मी टांग्यातच होते. फारसे कोणाला लागले नाही. माझ्या हनुवटीला दोन टाके पडले एवढेच. पण रस्त्यात आडवी पडून पाय झाडणारी ती घोडी आणि तिचा फिरलेला पांढरा डोळा मी पाहिला, आणि त्यानंतर तिच्या जवळ म्हणून गेले नाही. आजोबा तळहातावर हरभरे घेऊन मला बोलवीत. मी उंबऱ्याच्या आतच उभी राही. दुसऱ्या वर्षी त्यांनी घोडी विकली. रिक्षा वाढल्या होत्या, टांग्याला गिऱ्हाईक उरले नव्हते. तिला न्यायला माणूस आला तेव्हा मला हायसे वाटले, आणि ते माझ्या चेहऱ्यावर आजोबांना दिसले. ते काही बोलले नाहीत. त्यानंतरही ते माझ्याशी पूर्वीसारखेच प्रेमाने वागले. पण घोड्याची गोष्ट म्हणून त्यांनी मला पुन्हा कधी सांगितली नाही.

पुढे नोकरीत, २०१९ च्या विसाव्या पशुगणनेच्या आकड्यांचे भाषांतर माझ्याकडे आले होते. देशातील घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजार. २०१२ च्या गणनेत हीच संख्या सव्वासहा लाखांच्या घरात होती. म्हणजे सात वर्षांत ४५ टक्क्यांहून अधिक घट. ते वाक्य मी मराठीत आणले, ‘लक्षणीय घट’ असा शब्द योजला आणि पुढच्या कोष्टकाकडे वळले. आमच्या अंगणातली घोडी त्या आकड्यांच्या आसपासही मला दिसली नाही.

असो. शनिवारी उजाडता उजाडता आम्ही नवलगडला उतरलो. शेखावाटीतील थंडी दिल्लीच्या थंडीला लाजवील अशी असते. जवळच्या फतेहपूरला पारा शून्याखाली गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. गावातील हवेल्यांच्या भिंतींवर हत्ती, घोडे, देवादिक आणि त्यांच्याच शेजारी आगगाड्या रंगवलेल्या आहेत. प्रवासी त्या पाहायला दुरून येतात, आणि त्यांनी जरूर यावे. आम्ही मात्र त्या जीपमधून मान वळवून पाहिल्या आणि गावाबाहेर पडलो. दोन्ही बाजूंना मोहरी फुलली होती. मध्येच वाळूचा एखादा टेकाड, खेजडीची छाटलेली झाडे, आणि दुरूनही ओळखू यावी म्हणून चार कोपऱ्यांवर चार मिनार उभारलेली विहीर. ज्या प्रदेशात पाणी खोल असते, तेथे विहिरीला देवळासारखे शिखर लाभते.

तबेला एका शेताच्या कडेला होता. दावणीला सातआठ घोडी होती आणि त्या सर्वांचे कान एकदम आमच्याकडे वळले. मारवाडी घोड्याचे कान हे त्याचे पहिले लक्षण. ते वरच्या टोकाला आत वळलेले असतात, आणि जनावराने ते टवकारले की दोन्ही टोके एकमेकांना टेकतात. जणू डोक्यावर कोणी कमान बांधली आहे. मारवाडच्या राठोडांनी हे वाण शतकानुशतके लढाईसाठी जोपासले. संस्थाने विलीन झाली, १९५२ च्या कायद्याने राजस्थानातील जहागिऱ्या गेल्या, आणि ज्यांच्या पागांत शेकडो घोडी होती त्यांना दहांची चंदी परवडेना. कित्येक उमद्या घोड्यांच्या पाठीवर ओझी आली. या वाणाचे पुन्हा बरे दिवस यावेत म्हणून ज्यांनी खटपट केली, त्यांत नवलगडजवळच्याच डुंडलोदचे रघुवेंद्रसिंह हे एक. १९९९ साली देशी घोड्यांसाठी जी संस्था निघाली तिच्या संस्थापकांत ते होते. आपल्याकडे तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत जो घोडेबाजार भरतो, त्यातही हे वळलेल्या कानांचे घोडे विक्रीला येतात.

तबेल्यातील म्हातारा मोतद्दार, ज्यांना आम्ही काका म्हणू लागलो, माझ्याकडे एकदाच पाहून सगळे समजला असावा. त्याने मला आधी घोड्यावर बसवलेच नाही. माझ्या हाती खरारा दिला आणि ‘मूमल’ नावाच्या एका प्रौढ घोडीपाशी उभे केले. घोड्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. नेमके कपाळासमोरचे आणि नेमके शेपटीमागचे तेवढे दिसत नाही. म्हणून समोरून किंवा मागून जायचे नाही, खांद्याच्या बाजूने जायचे, आणि जाताना बोलत राहायचे. काय बोलायचे, असे मी विचारले. काका म्हणाले, काहीही. तिला आवाज हवा आहे, मजकूर नको. नऊ वर्षे मजकुरावर पोट भरणाऱ्या बाईला हा सल्ला थोडा झोंबला.

पण हळूहळू मला मौज वाटू लागली ती शब्दांची. ते राजस्थानी ढंगाच्या हिंदीत बोलत होते, आणि त्यांचे अर्धे शब्द माझ्या ओळखीचे होते. तंग तो तंगच. लगाम तोच. ते ‘रकाब’ म्हणत, आम्ही ‘रिकीब’. तांबूस अंगाचा, काळ्या आयाळीचा घोडा त्यांच्याकडे ‘कुमैत’, आमच्याकडे ‘कुमाईत’. हे शब्द दोन्ही मुलखांत फार्सी-अरबीच्या वाटेने आले आणि घोड्यांबरोबरच टापा टाकीत गावोगाव हिंडले. आमच्या घरातून घोडी गेली त्या दिवसापासून मी ते ऐकलेच नव्हते. शब्दकोशात मात्र त्यांच्यापाशी अनेकदा थांबले होते; तेथे ते नुसते छापलेले होते.

खोगीराचा उलगडाही तेथेच झाला. कोपऱ्यात एक फाटके जुने खोगीर पडले होते. काकांनी त्याच्या शिवणीत बोटे घालून आतली लोकर बाहेर ओढून दाखवली. एके ठिकाणी तिचा गोळा झाला होता, दुसरीकडे नुसते कापड उरले होते. भरती अशी सरकली, की स्वाराचे सगळे वजन घोड्याच्या कण्यावर येते आणि पाठीला जखम होते. एवढ्यासाठीच ती वरचेवर काढून, पिंजून, पुन्हा नीट भरावी लागते. म्हणजे खोगीरभरती हा निव्वळ पालापाचोळा नव्हे. कशाने भरले आणि कसे भरले, एवढाच प्रश्न. ‘खो. भ.’ लिहून मी ज्यांचे परिच्छेद छाटले, त्यांतील दोघातिघांची मला तबेल्यातच आठवण झाली.

दुपारी मी मूमलवर बसले. डाव्या बाजूने चढायचे. तलवार डाव्या कमरेला लटकत असल्यामुळे ही रीत पडली म्हणतात. तलवार गेली, बाजू राहिली. काका दोर धरून पुढे चालत, आणि मी दोन्ही हातांनी खोगीर घट्ट धरून आभाळाकडे पाहत होते. मैत्रीण तिच्या कुमाईत घोड्यावरून आमच्याभोवती कधी दुडकी, कधी चौक चालीने फिरत होती. तिची मांड पाहण्यासारखी होती. कचेरीत जी बाई दर अर्ध्या तासाने चष्मा शोधते, तिला घोड्यावर काहीच शोधावे लागत नव्हते.

“आपण दोघी बारगीर,” ती ओरडून म्हणाली. स्वतःच्या घोड्यानिशी चाकरीला येई तो शिलेदार, आणि ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. मी म्हटले, मी तर पहिल्यापासून बारगीरच. भाषांतर करणाऱ्याचा घोडा नेहमी दुसऱ्याचाच असतो.

रविवारी सकाळी आम्ही दूर जायचे ठरवले. धुके वर चढत होते. काकांनी मूमलवर खोगीर चढवले. मैत्रिणीने आपल्या घोड्याचे काम कोणाला करू दिले नाही. तिने नमदा टाकला, खोगीर ठेवले, तंग आवळला, रिकिबीत पाय घातला आणि एका झेपेत वर बसली. मी शेजारीच उभी होते. कुमाईताचे पोट टम्म फुगलेले मी पाहिले. नुसते पाहिले नाही. पाहताक्षणी आजोबांचे वाक्य शब्दशः माझ्या कानात वाजले. दहा पावलं चालव, मग आवळ.

मी बोलले नाही.

बोलावे असे वाटले, पण काल दुपारपर्यंत जिला घोड्याला हात लावायचा धीर होत नव्हता तिने अश्वपथकातल्या स्वाराला तंग कसा आवळावा हे सांगायचे, हे मला हास्यास्पद वाटले. तिला ठाऊकच असेल, असे मी मनाशी म्हटले. काका त्या वेळी मूमलचा नाल पाहायला वाकले होते.

वाळूच्या वाटेने आम्ही अर्धा-पाऊण तास गेलो. मैत्रीण घोड्याला रवाल चालीवर आणू पाहत होती. मारवाडी घोड्याची ही नामांकित चाल. ती साधली तर स्वाराच्या हातातले पाणी हिंदकळत नाही, असे काका सांगत होते. इतक्यात डाव्या हाताच्या मोहरीतून एक नीलगाय उसळून बाहेर आली आणि वाट ओलांडून गेली. कुमाईत बिचकून उजवीकडे सरकला. चांगल्या स्वाराला एवढ्याने काही होऊ नये. परंतु खोगीरच फिरले. ते तिच्यासकट घोड्याच्या कुशीवर गेले, आणि ती डाव्या खांद्यावर वाळूत आदळली. पोटाखाली लोंबणारे खोगीर पायांत येऊ लागताच घोडा उधळला आणि शेतात शिरला.

काका मूमलचा दोर टाकून मैत्रिणीकडे धावले. मी घोडीवर एकटी राहिले. तिचे कान मागे गेले, पुढे आले, ती जागच्या जागी फिरू लागली. मी काय बोलले ते मला सांगता येत नाही. बहुधा आजोबा पहाटे बोलत तेच बोलले असेन, कारण तोंडातून निघाले ते मिरजेकडचे होते. दिल्लीत मी तसे कधीच बोलत नाही. घोडी उभी राहिली. मी कशीबशी उतरले.

मैत्रीण शुद्धीवर होती, पांढरीफटक पडली होती आणि डावा हात उजव्या हाताने छातीशी धरून बसली होती. हासळीचे हाड मोडले होते, हे पुढे कळले. तेव्हा ती एवढेच म्हणाली, “घोड्याला लागलं का बघ.” काकांनी कुमाईताला हेरून धरले, खोगीर सोडवले, तंगाचे एक बंद तुटले होते. त्यांनी फोन करून जीप मागवली. पण वाळूतून जीप आमच्यापर्यंत येऊ शकत नव्हती. ती कोणत्या वाटेने आणि कोठवर येईल हे काकांनाच ठाऊक, आणि मैत्रिणीला तेथवर कोणी तरी धरून नेणे भाग होते. घाबरलेल्या घोड्याला झाडाला बांधून जाता येत नाही. तो हिसका देऊन लगाम तोडतो. काकांनी काही न विचारता दोन्ही दोर माझ्या हातात दिले.

ते परत येईपर्यंत पाऊण तास गेला. दोन्ही बाजूंना दोन घोडी आणि मध्ये मी. कुमाईताच्या अंगाला घाम सुटला होता आणि कातडी मधूनमधून थरथरत होती. मी त्याच्या खांद्याशी उभी राहिले. त्याने मान खाली घातली आणि माझ्या कोटाच्या खिशाशी नाक आणले. तेथे कालचे मूठभर हरभरे होते. मी ते तळहातावर घेतले. त्याचे ओठ किती मऊ असतात, आणि तो किती जपून दाणे उचलतो! एक एक दाणा उचलताना हाताला दात लागू नये याची तो काळजी घेत होता. उंबऱ्याच्या आत उभ्या राहिलेल्या त्या मुलीला हे ठाऊक नव्हते. आजोबा रोज हात पुढे करीत होते ते बहुधा एवढेच दाखवण्यासाठी. मी तेथे रडले, हे येथे लपवण्यात अर्थ नाही. शेतात पाहायला कोणी नव्हते, आणि घोड्यांनी त्याचा बाऊ केला नाही.

काका आले तेव्हा त्यांनी कुमाईताचा दोर घेतला आणि मला मूमलवर बसायला सांगितले. मी आधी तिला पुढे घेऊन गेले. दहा पावले मोजली, थांबले, खोगीराची झूल उचलली आणि तंग ओढला. तो दोन छिद्रे पुढे सरकला. काका पाहत होते. हे कोठे शिकलात, असे त्यांनी विचारले. माझ्या आजोबांचा टांगा होता, असे मी सांगितले. हे वाक्य मी कित्येक वर्षांत कोणापाशी उच्चारले नव्हते. काकांनी मान हलवली आणि पुढे चालू लागले. मूमलचा दोर त्यांनी धरला नाही.

सायंकाळी दवाखान्यातून मैत्रीण खांद्याला पट्टा बांधून बाहेर आली. रात्रीच्या गाडीला अवकाश होता. फलाटावरच्या बाकावर मी तिला सगळे सांगितले. फुगलेले पोट, आजोबांचे वाक्य, माझे गप्प बसणे. ती बराच वेळ रुळांकडे पाहत राहिली.

“बोलली का नाहीस?”

“तुला ठाऊक असेल असं वाटलं.”

“ठाऊक होतंच की,” ती म्हणाली. “छात्रसेनेत उस्ताद रोज ओरडून सांगायचे. विसरले.” आणि थोड्या वेळाने, “आता चहा आण. आणि यापुढं बोलत जा.”

चहा आणायला गेले तेव्हा मी मिरजेला आईला फोन केला. आजोबांच्या घोडीचे नाव काय होते, असे विचारले. एवढ्या रात्री हे काय, असे म्हणून ती थांबली, मग म्हणाली, “मामंजींची होय? हरणी.”

गाडीत आमच्या समोरच्या बाकावरील बाईंनी नाकाला पदर लावला आणि यजमानांना हळूच सांगितले, की या डब्यात कसला तरी वास येतो आहे. वास घोड्याचा होता, आणि तो माझ्या कोटाला येत होता. मैत्रिणीने डोळे मिटलेलेच ठेवून मला कोपराने ढोसले. मी त्या बाईंची क्षमा मागितली, कोट काढून घडी केला आणि उशाशी घेतला.